उत्तरांची पडताळणी

परीक्षेची शेवटची घंटा वाजते, उत्तरपत्रिका गोळा केल्या जातात आणि शाळेच्या व्हरांड्यात दुसरीच एक परीक्षा सुरू होते. "तिसऱ्याचे उत्तर किती आले रे तुझे?" "माझे पंधरा." "अरे बापरे, माझे नऊशे!" कोणाचा चेहरा फुलतो, तर कोणाचा उतरतो. पदार्थविज्ञानाच्या परीक्षेनंतर तर हा गलका विशेषच मोठा असतो. कारण येथे पुष्कळ प्रश्नांचे उत्तर एका आकड्यात सांगता येते आणि तो आकडा जुळला की नाही, हे क्षणात कळते. "झाले ते झाले, आता पुढच्या विषयाकडे लक्ष द्या," असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी उत्तरे पडताळून पाहण्याची ही सवय मुळात चांगली आहे. ती पडताळणी कशी करावी, एवढे मात्र शिकावे लागते.

अशाच एका परीक्षेनंतर काही मुले-मुली व्हरांड्यात जमली होती. ताशी ५४ किलोमीटर वेगाने धावणारी आगगाडी एका सेकंदात किती मीटर अंतर कापते, असा एक प्रश्न होता. तिघांचे उत्तर ९०० मीटर आले होते. "तिघांचे एकच उत्तर आले, म्हणजे तेच बरोबर," असे त्यांनी ठरवूनही टाकले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "अरे, आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. तुमची गाडी सेकंदाला ९०० मीटर धावू लागली, तर तिची शिटी आपल्या कानी पडण्यापूर्वीच ती फलाटावरून निघून जाईल!" सगळे खो खो हसले. मग प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे हिशेब मांडला गेला. ५४ किलोमीटर म्हणजे ५४,००० मीटर. त्याला ६० ने भागले की ९०० येतात. पण ते अंतर झाले एका मिनिटाचे. सेकंदाचे अंतर काढण्यासाठी पुन्हा ६० ने भागावयास हवे होते. तसे केल्यावर उत्तर आले १५ मीटर. तिघांनी एकच पायरी गाळली होती, म्हणून तिघांची उत्तरे जुळली होती!

पुढचा प्रश्न याहून अवघड होता. काठोकाठ पाण्याने भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत आहे. तो वितळल्यावर पाणी सांडेल काय? बहुतेकांनी 'सांडेल' असे लिहिले होते. बर्फाचा काही भाग पाण्याच्या वर असतो, तो वितळून पाण्यात मिसळला म्हणजे पाणी वाढणारच, असे त्यांचे म्हणणे. वर्गात नेहमी पहिला येणारा विद्यार्थीही त्याच मताचा होता. त्यामुळे कोणाच्या मनात शंका उरली नाही. एक मुलगा मात्र खांबाला टेकून गप्प उभा होता. विज्ञानाच्या बाई तेथून चालल्या होत्या. त्यांनी त्याला विचारले, "का रे, तू काय लिहिलेस?"

"बाई, पाणी सांडणार नाही, असे मी लिहिले," तो खाली मान घालून म्हणाला. "पण सगळ्यांचे उत्तर निराळे आहे. तेव्हा माझेच चुकले असेल."

"सगळ्यांचे निराळे आहे म्हणून तुझे चुकले, असे कसे होईल? तू कारण काय दिलेस ते सांग."

"तरंगणारा पदार्थ आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारतो, असे आपण शिकलो आहोत. बर्फ वितळल्यावर त्याचे वजन तेवढेच राहते. मग त्याने व्यापलेली जागाही तेवढीच राहील, असे मला वाटले."

बाईंनी कोणालाच बरोबर अथवा चूक म्हटले नाही. शाळेच्या फाटकाबाहेर बर्फाचे गोळे विकणाऱ्याची गाडी उभी होती. तिच्यावरून त्यांनी बर्फाचा एक खडा मागवला. कोऱ्या कागदावर काचेचा पेला ठेवला, त्यात खडा सोडला आणि पाणी अगदी काठापर्यंत भरले. मुले भोवती कोंडाळे करून बसली. काही वेळाने एकजण ओरडला, "सांडले, सांडले! पेल्याला थेंब लागले आहेत!" बाईंनी त्याला नीट पाहावयास सांगितले. थेंब पेल्याच्या सर्व अंगावर होते. पण काठावरून एकही ओघळ आलेला नव्हता. गार काचेला लागून हवेतील बाष्पाचे ते थेंब झाले होते. काच पुसून घेतली. अखेरीस बर्फाचा शेवटचा कण विरघळला. पाणी काठाशी जसेच्या तसे राहिले होते.

पहिला येणारा विद्यार्थी पेल्यावर वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग तो सरळ म्हणाला, "बाई, माझे उत्तर चुकले. पण कोठे चुकले, ते मला कळले पाहिजे." खांबाशी उभा असलेला मुलगा आता पुढे आला व त्याच्याशेजारी बसून हिशेब समजावू लागला. बर्फाचा खडा १०० ग्रॅम वजनाचा धरला, तर तो १०० ग्रॅम, म्हणजे १०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारतो. पाण्याचा बर्फ होताना ते प्रसरण पावते, म्हणून खड्याचे आकारमान सुमारे १०९ घन सेंटिमीटर असते; त्यातील ९ घन सेंटिमीटर भाग पाण्याच्या वर डोकावतो. वितळताना खडा आकसतो आणि त्याचे बरोबर १०० घन सेंटिमीटर पाणी होते. बर्फाने पाण्यात जेवढी जागा अडवली होती, तेवढीच या पाण्याने भरून निघते.

उत्तरे जुळत नाहीत, हा प्रसंग केवळ शाळकरी मुलांवरच येतो असे नाही. थोर शास्त्रज्ञांनाही तो चुकत नाही. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले हे वायूंची घनता अत्यंत काळजीपूर्वक मोजत असत. नायट्रोजन वायू त्यांनी दोन रीतींनी मिळवला. एका रीतीत हवेतून ऑक्सिजन काढून टाकला. दुसऱ्या रीतीत अमोनियाचा उपयोग केला. वायू एकच, तेव्हा वजनही एकच यावयास हवे. पण दोन वजनांत सुमारे हजारावा भाग इतका फरक पडू लागला. एखाद्याने तो दृष्टीआड केला असता. रॅले यांनी तसे केले नाही. १८९२ साली त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून हे कोडे उघडपणे मांडले व कारण सुचवण्याची वाचकांना विनंती केली. आपणांस उत्तर कळत नाही, हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

इतकेच करून ते थांबले नाहीत. अमोनियाच्या रीतीत हवेतून येणारा नायट्रोजनही मिसळत होता. तो टाळून केवळ रासायनिक पदार्थांपासूनच नायट्रोजन मिळवला, तेव्हा फरक कमी होण्याऐवजी वाढला. काचेच्या एकाच गोलात भरलेल्या हवेतील नायट्रोजनाचे वजन सुमारे २.३१० ग्रॅम, तर रासायनिक नायट्रोजनाचे सुमारे २.२९९ ग्रॅम भरले. अशी मोजणी पुनःपुन्हा केली तरी फरक कायमच राहिला. विल्यम रॅम्से या रसायनशास्त्रज्ञांनीही या शोधात भाग घेतला. तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतील नायट्रोजन वारंवार नेऊन त्यांनी तो शोषून घेतला. तरी थोडा वायू शिल्लक उरलाच. १८९४ साली उलगडा झाला. हवेत नायट्रोजनापेक्षा जड असा एक अज्ञात वायू मिसळलेला होता. तो दुसऱ्या पदार्थांशी सहसा संयोग पावत नाही, म्हणून 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला आरगॉन हे नाव मिळाले. हवेच्या आकारमानात तो सुमारे ०.९३ टक्के असतो. १९०४ साली रॅले यांना पदार्थविज्ञानाचे, तर रॅम्से यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

यातील एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. १७८५ साली कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञांनाही हवेवर प्रयोग करताना असाच एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहिलेला दिसला होता. त्यांनी त्याची प्रामाणिकपणे नोंद केली. परंतु त्या बुडबुड्याचे मर्म कोणी शोधले नाही आणि शंभराहून अधिक वर्षे आरगॉन हवेत असूनही अज्ञातच राहिला.

मुलांनो, परीक्षेनंतर तुम्ही उत्तरे अवश्य पडताळून पाहा. मात्र 'किती आले?' एवढे विचारून थांबू नका, 'कसे आले?' हेही विचारा. आकड्यापुढे एकक कोणते ते पाहा आणि तसे प्रत्यक्षात घडणे शक्य आहे काय, याचा विचार करा. शक्य असेल तेथे प्रयोग करा. आपले उत्तर एकटे पडले म्हणून सोडून देऊ नका, आणि चूक दिसून आल्यावर ते धरूनही बसू नका. उत्तरपत्रिका एकदा दिली म्हणजे तीत बदल करता येत नाही. पण त्या दिवशी उमगलेले कारण जन्मभर आपले राहते.

स्वाध्याय

१. आगगाडीच्या उदाहरणात तिघांची उत्तरे जुळूनही ती चुकीची का ठरली?
२. पेल्याच्या बाहेरील थेंब कोठून आले?
३. "सगळ्यांचे उत्तर निराळे आहे. तेव्हा माझेच चुकले असेल." हे वाक्य कोण, कोणास व केव्हा म्हणाले? त्यातील विचार तुम्हांला पटतो काय?
४. रॅले यांच्या कोणत्या गुणांमुळे आरगॉनचा शोध लागला, ते सात-आठ ओळींत लिहा.
५. साध्या पाण्याऐवजी भरपूर मीठ घातलेले पाणी घेऊन बर्फाचा प्रयोग करा. काय घडेल, ते आधी लिहून ठेवा आणि मग पडताळून पाहा.