मॅपिंग फाइल आधी, रीट्रेस नंतर

लोणावळा

चि. भाचीस,


ॲप क्रॅश झाल्यावर येणारे ट्रेस नुसत्या ए, बी, सी अशा अक्षरांत असतात, ते उलगडायला कुठलं टूल घ्यावं, असं तू विचारलंस. टूलचं उत्तर सोपं आहे. अँड्रॉइडच्या कमांड-लाइन टूल्समध्ये रीट्रेस नावाचा प्रोग्राम आहे, तो वापर. त्याला आधी मॅपिंग फाइलचा, म्हणजे मूळ आणि नव्या नावांची जोडी लिहिलेल्या फाइलचा, पत्ता द्यायचा आणि मग ट्रेस साठवलेली फाइल. दुसरी फाइल दिली नाहीस तर टर्मिनलमध्ये तू चिकटवशील तो मजकूर तो वाचतो आणि लिनक्स किंवा मॅकवर कंट्रोल-डी दाबलं की उलगडलेला ट्रेस समोर ठेवतो. एवढं शिकायला एक दुपार पुरते. पण हे पत्र एवढ्यासाठी लिहीत नाही. रीट्रेस स्वतः काहीही ओळखत नाही. त्याला जे कळतं ते सगळं मॅपिंग फाइलमधून कळतं. ती फाइल नेमक्या त्याच बिल्डची नसेल, तर तो चुकीचं उत्तर देऊ शकतो आणि उत्तर चुकीचं आहे याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणून टूलआधी फाइल सांभाळायला शीक.

असं का होतं ते नीट समजून घे. जावाच्या जगात नावं आखूड करण्याचं काम २००२ पासून प्रोगार्ड करत आलं. अँड्रॉइडमध्ये २०१९ साली ग्रेडल प्लगिनच्या ३.४ आवृत्तीपासून त्याची जागा आर-८ ने घेतली. रिलीज बिल्ड करताना आर-८ न लागणारा कोड काढून टाकतो, छोट्या मेथड दुसऱ्या मेथडच्या पोटात घालतो आणि उरलेल्यांना एकदोन अक्षरांची नावं देतो. समजा, दूध संकलनाचं ॲप आहे आणि ट्रेसमध्ये ओळ आली: ए.बी.सी.ए, सोर्सफाइल, १७. मॅपिंग फाइल उघडलीस की एका ओळीत दिसेल, मिल्कएंट्रीस्टोअर, पुढे बाण, पुढे ए.बी.सी. तिच्याखाली थोड्या आत सरकवलेल्या ओळीत असेल की १७ क्रमांकाची ओळ म्हणजे सेव्ह या मेथडमधली मूळ ८८ वी ओळ, आणि त्या मेथडचं नवं नाव ए. रीट्रेस हा बाण उलटा वाचतो, बस्स. आता पुढच्या रिलीजमध्ये कुणी दोन नवे क्लास घातले. आर-८ नावं पुन्हा पहिल्यापासून वाटतो, आणि या वेळी ए.बी.सी हे नाव लॉगिनच्या स्क्रीनकडे गेलं. जुना ट्रेस या नव्या फाइलवर चालवलास तर रीट्रेस शांतपणे लॉगिनमधल्या एका खऱ्याखुऱ्या मेथडचं नाव देईल. लाल अक्षरात इशारा येणार नाही. तुझी सगळी टीम लॉगिनच्या कोडात बग शोधत बसेल आणि दुधाची नोंद बुडतच राहील. न वाचता आलेल्या ट्रेसमुळे आपण निदान थांबतो. चुकीचा वाचलेला ट्रेस आपल्याला भलत्याच वाटेला लावतो, म्हणून तो जास्त घातक.

जुन्या ट्रेसशी आपला संबंध कशाला येईल, असं मनात येईल. येतो, आणि आपल्याकडे तर हमखास येतो. पवन मावळात किंवा अंदर मावळात धरणाच्या मागच्या बाजूच्या एखाद्या वस्तीवर रेंज तोकडी असेल, तर तिथला माणूस ॲप अपडेट करायला लगबग करत नाही. त्याचा क्रॅश रिपोर्टही बहुतेक वेळा ॲप पुन्हा उघडल्यावर आणि नेट मिळाल्यावरच निघतो. म्हणजे तू चौथ्या आवृत्तीवर काम करत असताना पहिल्या आवृत्तीचा ट्रेस येऊन पडणार. इकडे ॲपच्या बिल्ड फोल्डरात, आउटपुट्सच्या आत मॅपिंग आणि त्याच्या आत रिलीज, तिथली मॅपिंग फाइल प्रत्येक नव्या बिल्डला पुसून पुन्हा लिहिली जाते. ग्रेडलची क्लीन आज्ञा दिलीस तर तीही जाते. ज्या माणसाला मदतीची गरज सर्वांत जास्त, त्याचीच किल्ली आपण सर्वांत आधी फेकून देतो.

किल्ली नसेल तर डोकं लढवून काढू, हा दुसरा गैरसमज. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण घे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर आणि व्हरांड्याच्या भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. त्यांत धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, मामाळच्या अमात्याला लेण्यांच्या भिक्षूंसाठी करजिक गाव राखण्याची राजाज्ञा आहे. शेकडो वर्षं हे कुणालाच वाचता येत नव्हतं. १८३६ मध्ये ख्रिश्चन लासन यांनी अगाथोक्लीसच्या नाण्यावरची ब्राह्मी अक्षरं त्याच नाण्यावरच्या ग्रीक नावाशी लावून पाहिली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या छोट्या लेखांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी अक्षरं ‘दानं’ अशी ओळखली, आणि लिपी उलगडली. हे जमलं, कारण अक्षरांच्या मागे प्राकृत भाषा शाबूत होती. तीच अक्षरं त्याच आवाजांसाठी शेकडो ठिकाणी येत होती. ए.बी.सी च्या मागे अशी भाषा नाही. मूळ नाव तिथून काढूनच टाकलेलं असतं, आणि वेगवेगळी कामं करणाऱ्या, वेगळे पॅरामीटर घेणाऱ्या चार मेथडना आर-८ एकच नाव देऊ शकतो. प्रिन्सेप यांच्याएवढी बुद्धी आणि चिकाटी असली तरी जे ट्रेसमध्ये उरलेलंच नाही ते त्यातून निघणार नाही. एआय चॅटबॉटला तोच ट्रेस दिलास तर तो सफाईदार अंदाज देईल, पण तो अंदाजच.

तुझे सहकारी म्हणतील, प्ले कन्सोल हे आपोआप करतं. करतं, हे खरं आहे. ॲप बंडल चढवलंस की मॅपिंग फाइल त्याच्यासोबतच जाते आणि कन्सोलवर ट्रेस उलगडलेला दिसतो. त्यावर भरवसा ठेवायला माझी हरकत नाही. पण टेस्टरला थेट पाठवलेली एपीके, फील्डवरच्या माणसांना व्हॉट्सॲपवर दिलेला बिल्ड, कुणी फोनच्या लॉगमधून कॉपी करून पाठवलेला ट्रेस, हे सगळं कन्सोलच्या बाहेर राहतं. तिथे तुझ्या हाताशी टर्मिनल आणि जपून ठेवलेली फाइल एवढंच असेल. ट्रेस उलगडून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर मात्र मॅपिंग फाइल कधीही चिकटवू नकोस. त्या फाइलमध्ये तुमच्या ॲपची सगळी आतली रचना नावानिशी असते. कमांड-लाइनवर ती तुझ्या मशीनच्या बाहेर जात नाही, आणि माझ्या मते हे टूल वापरण्याचं हे सर्वांत भक्कम कारण आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गिटमध्ये टॅग आहे, लागेल तेव्हा तोच कोड पुन्हा बिल्ड करू आणि फाइल मिळवू. सगळं तंतोतंत तेच असेल तर हे जमतं. पण दरम्यान प्लगिनची आवृत्ती बदलली, एखाद्या लायब्ररीचा आकडा मोकळा सोडला होता, बिल्ड मशीनवर काही नवं आलं, की नावं वेगळी पडू शकतात. म्हणून हा मार्ग घेतलास तर पडताळा घे. मॅपिंग फाइलच्या सुरुवातीच्या ओळींमध्ये पीजी-मॅप-आयडी असतो. एपीके उघडून तिच्यातल्या डेक्स फाइलवर स्ट्रिंग्ज आज्ञा चालव आणि ग्रेपने तोच आयडी शोध, तिथेही आर-८ ने तो लिहून ठेवलेला असतो. दोन्ही जुळले तर निर्धास्त राहा, नाही जुळले तर ती फाइल वापरू नकोस. आणि नावं बदलूच नयेत, आर-८ ला तसं सांगता येतं, असं कुणी म्हटलं तर घरच्या वापराच्या छोट्या ॲपसाठी मी ते मान्य करीन. मात्र मेथड एकमेकींच्या पोटात घालणं तेव्हाही चालूच असतं. ट्रेसमधल्या एका ओळीतून तीन ओळी निघतात आणि ओळींचे आकडे सरकलेले असतात, त्यामुळे फाइल तेव्हाही लागतेच.

आयफोनची डीसिम फाइल, वेबचा सोर्स मॅप, फ्लटरची सिम्बॉल फाइल, सगळीकडे हाच न्याय आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही. रिलीज करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये शेवटची पायरी म्हणून मॅपिंग फाइलची प्रत व्हर्जन कोडच्या नावाने सुरक्षित जागी ठेवणं घाल. ते झालं नाही तर रिलीज अडली पाहिजे. नियमांच्या फाइलमध्ये लाइननंबरटेबल आणि सोर्सफाइल राखण्याची ओळ आहे ना, ते बघ. ओळींचे आकडे गेले तर रीट्रेस एका जागी दोनतीन पर्याय देतो आणि निवड तुझ्यावर येते. पुढच्या रिलीजच्या आदल्या दिवशी त्याच बिल्डमध्ये एक क्रॅश मुद्दाम घडवून आण, त्याचा ट्रेस जपलेल्या फाइलवर चालव आणि बरोबर ओळ मिळाली की मगच ॲप लोकांच्या हातात दे. काय निघालं ते मला कळव.

तुझा
मामा