जानुसंधीतील स्नायुक्षत : आपल्या उपचारांचा क्रम आणि मर्यादा

खेळाडू, कारखान्यांतील कामगार आणि दुचाकीवरून पडलेले तरुण 'गुडघ्याचे लिगामेंट गेले' म्हणत आपल्या शहरातील चिकित्सालयांत नेहमी येतात. शस्त्रकर्म टाळावे ही त्यांची इच्छा असते. ती कोठे पुरी करता येते आणि कोठे नाही, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

व्यवहारात 'स्नायू' म्हणजे मांसपेशी. सुश्रुतोक्त स्नायू मात्र संधींना बांधून ठेवणारे होत. लिगामेंटचा अंतर्भाव त्यांतच होतो. सुश्रुतांनी स्नायू ९०० सांगितले असून त्यांपैकी ६०० शाखांत आहेत. जानु हे वैकल्यकर मर्म असून तेथील आघाताने खंजता येते.

आघाताच्या वेळी आतून आवाज येणे, काही तासांतच सांधा फुगणे व पुढे जिना उतरताना गुडघा निसटणे, ही लक्षणे असल्यास एसीएल तुटल्याची शंका घ्यावी. हा बंध पूर्ण तुटल्यावर सहसा आपोआप सांधत नाही. आतील बाजूचा एमसीएल मात्र बहुधा शस्त्रकर्माविना भरून येतो. म्हणूनच एकाच लेपाने एका रुग्णास गुण येतो, दुसऱ्यास येत नाही. अस्थिर गुडघ्यावर वावरत राहिल्यास सांध्यातील गादीही फाटते; वैद्याने दवडलेल्या महिन्यांची किंमत रुग्ण जन्मभर मोजतो. गुडघा अडकणे, पायावर भार न पेलणे किंवा पाऊल थंड पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी घाटी रुग्णालयात अथवा अस्थिशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे.

सांधा स्थिर असल्यास प्रारंभी विश्रांती, लेप व बंध द्यावा. सूज ताजी असताना मर्दन व स्वेदन करू नये. लेप वाळताच काढावा. रात्री लावू नये. बंध सैल असल्यास संधी स्थिर राहत नाही, अति घट्ट असल्यास सूज व वेदना वाढतात. भग्नचिकित्सेत बंध शीत ऋतूत ७, साधारण ऋतूत ५ व उष्ण ऋतूत ३ दिवसांनी बदलण्यास सांगितले आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवावे. सूज ओसरल्यावर स्नेहन, उपनाह व जानुबस्ती योजावी आणि मांडीच्या पेशींचे व्यायाम क्रमाने वाढवावेत. व्यायामाविना केवळ तेलाने गुडघ्यास बळ येत नाही.

लाक्षा, अस्थिसंहृत, अर्जुन, अश्वगंधा व नागबला यांनी युक्त लाक्षादि गुग्गुळ सहायक म्हणून द्यावा. तुटलेली टोके तो जोडील असे वचन देऊ नये. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास अथवा शस्त्रकर्म ठरले असल्यास गुग्गुळाची माहिती त्याच्या शल्यतज्ज्ञांना अवश्य द्यावी. शस्त्रकर्मानंतर व्रण पूर्ण भरेपर्यंत तेथे तैल लावू नये. खेळाडूस साधारणतः ९ महिन्यांपूर्वी मैदानावर उतरू देऊ नये.

औषधालयचालकांस आमची विनंती आहे की, सुजलेल्या गुडघ्यासाठी कोणी तेल मागितल्यास 'मार केव्हा लागला?' हे प्रथम विचारावे आणि परीक्षा झालेली नसल्यास त्यास वैद्याकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री राहील, पण एक गुडघा वाचेल.