पडद्यावर नुसते चौकोन आले तर

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात सारसोळ्याच्या एका गटाच्या हिशेबनीस ताईंचा सकाळीच फोन आला. "अगं, कॉम्प्युटर सुरूच होत नाही. काळा पडदा आणि नुसते चौकोन. आपला सगळा हिशोब गेला वाटतं!" तिसऱ्या दिवशी बँकेचे साहेब कर्जाच्या नोंदी बघायला येणार होते. मी गेले तेव्हा ताईंच्या हाताला कंप सुटला होता.

तिथे जे शिकले ते सांगते.

हा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो आणि ताईंनी हौसेने भाषा मराठी ठेवली आहे. रोज आपल्याला दिसतो तो रंगीत पडदा नंतर येतो. त्याआधी कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर साधी अक्षरं लिहितो. त्या वेळी त्याच्याकडे फक्त 256, फार तर 512 अक्षरांचे साचे असतात आणि त्यात बहुतेक वेळा देवनागरी नसते. शिवाय आपली लिपी नुसती एकापुढे एक अक्षरं मांडून होत नाही. 'कि' घ्या. कॉम्प्युटर आधी 'क' साठवतो, मग वेलांटी, पण दाखवताना वेलांटी अलीकडे यावी लागते. जोडाक्षरं आणखी वेगळी. ही जुळणी त्या काळ्या पडद्याला येत नाही. पूर्वी तर साध्या कॉम्प्युटरवर मराठी दिसावी म्हणून आत वेगळं कार्ड बसवत. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड त्यासाठीच होतं.

म्हणजे संदेश बरोबर होता, फक्त तो काढायला अक्षरं नव्हती. चौकोन आले म्हणजे हिशोब पुसला गेला असं नाही. व्हायरसच शिरला असंही नाही. पण बिघाड मात्र खरा होता, आणि तो त्या चौकोनांतच लिहिलेला होता!

ताई घाईघाईत बटणं दाबत होत्या. ते मी आधी थांबवलं. जे वाचता येत नाही त्याला 'हो' म्हणायचं नाही. कर्जाच्या कागदावर आपण अंगठा देतो का असा? मग मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला. चौकोनांमधले इंग्रजी शब्द आणि आकडे शाबूत होते. फोटो पाहूनच दुरुस्तीवाल्या दादांनी ओळखलं की डिस्कची तपासणी अडली आहे. आदल्या रात्री नोंद करताना वीज गेली होती आणि डिस्कवरचं लिखाण अर्धवट राहिलं होतं.

दादांनी आल्यावर तेवढ्यापुरती भाषा इंग्रजी केली. तोच संदेश आता वाचता आला: डिस्क हाताने तपासा. पण तपासणीच्या आधी त्यांनी आपल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. हे मात्र तुम्ही आग्रहाने सांगायचं. कारण दुरुस्तीत तुटकी फाइल आणखी तुटू शकते.

तासाभराने कॉम्प्युटर सुरू झाला. भाषा परत मराठी केली, ती ताईंनी सोडली नाही. आदल्या रात्रीचे दोन हप्ते तेवढे नव्हते. ते ताईंनी निळ्या वहीत बघून भरले. वही बंद करा असं मीच दोन बैठकांत सांगितलं होतं, हे इथे कबूल करते.

बँकेचे साहेब आले तेव्हा वही आणि कॉम्प्युटर दोन्ही टेबलावर होते. आता दर बैठकीनंतर फाइल पेन ड्राइव्हवर जाते आणि तो पेन ड्राइव्ह अध्यक्ष ताईंच्या घरी, कपाटात.