परसातली भट्टी

सकाळी सायकलचा भोंगा वाजतो. पों, पों! मुले दाराकडे धावतात. पाववाला आला!

गोव्यात या पाववाल्याला पदेर म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. आपला 'पाव' हा शब्दही तिथलाच. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. १९६१ साली गोवा मुक्त झाला. मधल्या साडेचारशे वर्षांत पाव भाजण्याची कला इथल्या माणसांच्या हातात बसली. पूर्वी पीठ फुगवायला माडाची ताजी ताडी घालीत. तिला तिकडे सूर म्हणतात.

हा पाव घुमटाच्या भट्टीत भाजतात. अशी भट्टी फार जुनी आहे. इटली देशात पाँपेई नावाचे शहर होते. इ. स. ७९ मध्ये ते ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. पुढे ते उकरले, तेव्हा तिथे अशाच भट्ट्या सापडल्या. शहरातली मुले आवडीने खातात तो पिझ्झाही इटलीचाच. तोही अशाच भट्टीत भाजतात.

अशी लहान भट्टी आपल्या परसात बांधता येते. ती कशी बांधावी, ते एका घरची गोष्ट ऐकून शिकू.

फुटलेली भट्टी

गोव्याच्या हद्दीजवळ एका गावात एक मावशी राहतात. त्यांचा मुलगा गोव्यात पावाच्या भट्टीवर कामाला होता. तो घरी परत आला. म्हणाला, "आई, आपण घरीच पाव करू. गावात विकू."

मावशींनी दोन शेळ्या विकल्या. त्या पैशातून विटा आल्या. मुलाने चार दिवसांत भट्टी उभी केली. पाचव्या दिवशी मोठा जाळ केला. पाव खायला शेजारीपाजारी जमले होते. एकदम आवाज झाला. घुमटाला बोटभर भेग पडली. पुढची बाजू खाली बसली.

लोक हसत घरी गेले. मुलगा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मावशी त्याला काही बोलल्या नाहीत. पण शेळ्या तर गेल्याच होत्या.

तिसऱ्या दिवशी गावातले म्हातारे गवंडी आले. त्यांनी भेग पाहिली.

"विटा कशात बसवल्यास रे?"

"सिमेंटात, काका."

"आणि किती दिवस वाळवलीस?"

मुलगा गप्प राहिला.

गवंडीकाका म्हणाले, "भट्टी ओली होती. ओल्या भिंतीत पाणी असतं. जाळ केलास की त्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडायला वाट हवी. ती मिळाली नाही, म्हणून भिंत फुटली. सिमेंटही अशा आचेला टिकत नाही. विटा बऱ्याचशा शाबूत आहेत. मावशी, पुन्हा बांधू. पण आता घाई नको."

पाया आणि तळ

दिवाळी झाली होती. पाऊस गेला होता. भट्टी बांधायला हेच दिवस चांगले.

काकांनी घरापासून आणि गवताच्या उडवीपासून वीस फूट लांब जागा धरली. जांभ्या दगडाचा तीन फूट उंच ओटा बांधला. पोटात दगडगोटे भरले. वर रिकाम्या काचेच्या बाटल्या आडव्या मांडल्या. मधल्या फटींत भुसा कालवलेली माती भरली.

मावशींनी विचारले, "बाटल्या कशाला, दादा?"

"बाटलीत हवा असते, मावशी. हवेतून धग लवकर खाली जात नाही. तळ तापलेला राहतो."

त्यावर दोन इंच वाळू पसरली. वाळूवर पक्क्या भाजलेल्या विटा चिकटून मांडल्या. या विटांमध्ये माती किंवा चुना घालत नाहीत. तापल्यावर वीट थोडी फुगते. तिला हलायला जागा हवी.

घुमट

तळावर ओल्या वाळूचा ढीग केला. त्याला घुमटाचा आकार दिला. रुंदी अडीच फूट, उंची १६ इंच. त्यावर ओले वर्तमानपत्र चिकटवले. मग अर्ध्या विटा मातीत बसवत घुमट चढवला.

माती कोणती घ्यावी? काळी माती नको. ती वाळताना फार आकसते आणि भेगाळते. कुंभाराची चिकणमाती घ्यावी. तिच्यात वाळू मिसळावी. मुठीएवढा गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून टाकून पाहावा. पसरला तर माती पातळ आहे. भुगा झाला तर कोरडी आहे, नाहीतर वाळू जास्त आहे. गोळा थोडा चेपला पण एकसंध राहिला, तर माती ठीक.

भट्टीच्या दाराची उंची १० इंच ठेवली. इथे माप चुकवू नये. गार हवा दाराच्या खालच्या बाजूने आत येते. धूर त्याच दाराच्या वरच्या बाजूने बाहेर जातो. म्हणून वेगळे धुराडे लागत नाही. दार फार उंच केले तर धग निघून जाते. फार ठेंगणे केले तर जाळ गुदमरतो.

पाच दिवसांनी दारातून वाळू काढून घेतली. घुमट उभा राहिला. मग बाहेरून भुसा कालवलेल्या मातीचा चार इंच जाड थर दिला. हा थर म्हणजे भट्टीची गोधडी. वर पत्र्याचे छप्पर केले. झापांचे छप्पर पेट घेते, म्हणून ते केले नाही.

वाळवणे

तीन आठवडे भट्टीला कोणी काडी लावली नाही. मुलगा रोज हात लावून पाही. चौथ्या आठवड्यात पहिल्या दिवशी मूठभर काटक्या जाळल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त. असे सहा दिवस केले. बारीक चिरा पडल्या, त्या मातीने बुजवल्या. अशा चिरांना भिऊ नये.

भाजणे

पावाचे पीठ असे करतात. मैदा १ किलो, पाणी अर्ध्या लिटरहून थोडे जास्त, मीठ २० ग्रॅम, कोरडे यीस्ट १० ग्रॅम. पंधरा मिनिटे चांगले मळावे. झाकून ठेवावे. दुप्पट फुगले की गोळे करावेत. गोळे पुन्हा फुगू द्यावेत.

तिकडे भट्टीत सुक्या लाकडाचा दोन तास जाळ करावा. रंगवलेले लाकूड किंवा प्लास्टिक जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो. आधी घुमट आतून काजळीने काळा होतो. पुढे काजळी जळून घुमट पांढरा दिसू लागतो. भट्टी तापल्याची ही खूण.

पिझ्झा करायचा तर विस्तव एका बाजूला सारावा. पातळ लाटलेली पोळी मोकळ्या तळावर ठेवावी. ती दोन-तीन मिनिटांत भाजते.

पावासाठी विस्तव सगळा बाहेर ओढावा. तो लोखंडी घमेल्यात घेऊन पाण्याने विझवावा. पिळलेल्या ओल्या फडक्याने तळ पुसावा. तापल्या विटांवर पाणी ओतू नये. वीट तडकते. मग दार लावून वीस मिनिटे थांबावे. धग सगळीकडे सारखी होते.

आता चिमूटभर पीठ तळावर टाकावे. लगेच काळे झाले तर अजून थांबावे. सावकाश दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत ते तांबूस झाले, तर पाव आत ठेवावेत. पंधरा-वीस मिनिटांत ते होतात. पावाच्या तळाला बोटाने वाजवावे. पोकळ आवाज आला की पाव झाला.

भट्टीत विस्तव नाही, तरी पाव भाजतो. विटांनी धग साठवलेली असते. म्हणून पावानंतर नानकटाई भाजावी. मग शेंगा भाजाव्यात. शेवटी उद्याची लाकडे आत ठेवावीत. ती आयती सुकतात.

मावशींची वही

मावशी प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या. त्यांनी एक वही केली. पहिल्या दिवशी लिहिले: लाकूड १० किलो. पाव ३६. जळाले १४.

मुलगा खट्टू झाला. मावशी म्हणाल्या, "अरे, आज थांबलो किती? दहाच मिनिटं. हेही लिहून ठेवते."

दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे थांबले. वहीत लिहिले: जळाले ३. आठवड्याने लिहिले: जळाला १. हसणारे शेजारी आता पाव न्यायला येतात. त्यांची उधारीही त्याच वहीत आहे.

एक शेळी दावणीला परत आली आहे. दुसरी यायची आहे.

प्रश्न

१. पहिली भट्टी का फुटली? दोन कारणे सांगा.
२. तळाखाली बाटल्या कशासाठी घालतात?
३. भट्टी तापली हे कशावरून ओळखाल?
४. तुमच्या घरी आठवड्याला किती सरपण किंवा गॅस लागतो? वहीत लिहून पाहा.