खेकड्याचा रस्सा आणि फवारणीचं विष

प्रश्न : पावसाळ्यात पैनगंगेला मिळणाऱ्या नाल्यांतले खेकडे ठेचून, गाळून आम्ही रस्सा करतो. कपाशीवरच्या फवारणीचं विष त्यात उतरतं का? – एक वाचक, माहूर

उत्तर : उतरू शकतं. उकळल्याने जंतू मरतात, पण बरीच कीटकनाशकं पूर्ण जात नाहीत आणि कॅडमियमसारखा धातू तर तसाच राहतो. तो साठतो कवचाखालच्या पिवळ्या गरात. नांग्यांच्या मांसात फार कमी. तुमच्या पद्धतीत नेमका तोच गर रस्स्यात जातो! चव त्यातच असते, मान्य; तरी कवच उघडून गर आधी काढा, मग ठेचा. शिंपलेही खात असाल, तर ते पाणी गाळूनच जगतात, म्हणून सांडपाण्याजवळचे नकोतच. फवारणीनंतरच्या पहिल्या पुरात, किंवा नाल्यात मेलेले मासे दिसल्यास, तिथलं काहीच खाऊ नका. गरोदर बाईला आणि लहान मुलांना पिवळा गर अजिबात देऊ नका.