शेक चालू असताना



आजाऱ्यांच्या भेटीला आम्ही जातो तेव्हा रेडिएशनविषयी, म्हणजे आपण ज्याला 'शेक' किंवा 'लाईट देणे' म्हणतो त्याविषयी, बरीच भीती आढळते. आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचे व घशाचे कर्करोग पुष्कळ. म्हणून त्याच उपचाराबद्दल येथे लिहीत आहोत.

हा उपचार बहुधा सहा ते सात आठवडे चालतो. सोमवार ते शुक्रवार रोज एक, अशा 30 ते 35 बैठका होतात. डोके हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा बनवतात. तो घट्ट बसतो, जीव घाबरतो. पण किरण काही मिनिटेच दिले जातात आणि ते देताना दुखत नाही. बाहेरच्या यंत्रातून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. त्याचे ताट वेगळे ठेवण्याचे कारण नाही. नातवंडांना मांडीवर घेऊ द्यावे. जवळच्यांनीच दूर सारले की आजारी माणूस अधिक खचतो.

पहिले दोन आठवडे बरे जातात. तिसऱ्याच्या सुमारास तोंड सोलते, चव जाते, लाळ घट्ट होते, घास उतरत नाही. "गाठ बसली, आता पुरे," असे म्हणून उपचार सोडणारे याच वेळी सोडतात. हे फार धोक्याचे आहे. मध्ये खंड पडला की उरलेल्या रोगपेशी पुन्हा झपाट्याने वाढू लागतात. एखादी बैठक चुकलीच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. ती भरून काढण्याचे मार्ग त्यांच्याकडे असतात.

दिवसातून अनेकदा मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने चुळा भराव्यात. तिखट, आंबट, कडक नको. पेज, मऊ भात, अंडे, शिकरण, काटे काढून कुस्करलेली बिनतिखटाची मासळी चालते. वजन दर आठवड्याला पाहावे. गिळणे अगदीच बंद झाले तर डॉक्टर नाकातून नळी घालतात. त्याला शेवट आला असे समजू नये. मानेवर तेल, हळद, बाम लावू नये, उन्हापासून जपावे. दात उपचारापूर्वीच तपासून घ्यावेत. पुढेही दात काढण्याची वेळ आली तर शेक घेतल्याचे दंतवैद्याला आधी सांगायलाच हवे, कारण जबड्याचे हाड लवकर भरत नाही.

वसईहून परळला रोज जाणे म्हणजे निम्मा दिवस मोडतो. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येते. रुग्णालयाचा दाखला जवळ ठेवावा. सोबत दररोज एकाच मुलाने का जावे? शेजाऱ्यांनी वार वाटून घ्यावेत.

प्रायश्चित्तकाळात उपचार आले तर उपवासाचे बंधन आजाऱ्याला नाही. ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वीचा एक तासाचा उपवासही त्याला व त्याची सेवा करणाऱ्याला लागू नाही. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणपंथाला लागलेल्यांचा संस्कार नव्हे. गंभीर आजाराच्या उपचारापूर्वीच धर्मगुरूंना कळवावे.

शेवटची बैठक झाली की लोक अभिनंदन करून जातात. प्रत्यक्षात तोंडाची आग व थकवा त्यानंतरही काही आठवडे राहतो. म्हणून शेजारून येणारा मऊ भाताचा डबा निदान महिनाभर तरी बंद करू नये.