कानाचं वय, डोळ्यांचं वय

चि. अनघास,


तीन, आठ आणि तेरा वर्षांच्या मुलांसाठी पुस्तकांची यादी हवी, प्रत्येक पुस्तकापुढे वयोगट लिहून, असं तू कळवलंस. पुस्तकं सुचवते. वयोगट मात्र लिहीत नाही. शाळेच्या ग्रंथालयात असतानाही मलपृष्ठावरच्या त्या आकड्यांवर मी कधी विसंबले नाही. मूल डोळ्यांनी जे वाचू शकतं त्याच्या किती तरी पुढचं कानांनी ऐकू शकतं, आणि आपण पुस्तक निवडतो ते फक्त डोळ्यांचा हिशेब धरून.

ओमचंच बघ. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात बोलणं मराठी. जोडाक्षर आलं की अडखळतो, म्हणून तू त्याला मोठ्या टायपातली, पानाला चार ओळी असलेली पुस्तकं आणतेस आणि तो ती टाकून देतो. टाकणारच. आठ वर्षांच्या मुलाला साहस हवं असतं आणि हातात येते चिऊ-काऊ. तेव्हा त्याला हवं ते पुस्तक तू वाच, त्याला ऐकू दे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आण. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवरून नको तिथे जाऊन पोहोचतो आणि तोंडानं 'ट्टॉक्' करतो. तो आवाज ओम दुसऱ्या दिवशी काढणार, हे आधीच सांगून ठेवते. रोज एक प्रकरण वाचायचं आणि ऐन रंगात आलं की पुस्तक त्याच्या हाताला लागेल असं ठेवून उठायचं. कधी तरी त्याला धीर धरवणार नाही आणि पुढचं पान तो स्वतःच उघडेल, जोडाक्षरांसकट. लगेच नाही. काही मुलं महिनोन् महिने नुसती ऐकतात. आणि वाचून दाखवायला नाट्यगुण लागत नाहीत. सरळ, घाई न करता वाचलंस तरी पुरे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'ही असाच ऐकवण्याजोगा, फक्त भाषा जुनी आहे, मध्ये मध्ये थांबावं लागेल.

तुझ्या निखिलरावांना ओमला वाढदिवसाला 'श्यामची आई' द्यायचं आहे ना? जरूर द्यावं, पण 'हे वाच आणि आईशी कसं वागावं ते शीक' असं बजावून नको. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि प्रकरणांना नाव दिलं 'रात्र'. आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर श्याम आठवणी सांगतो आणि सोबती ऐकतात, अशा बेचाळीस रात्री. म्हणजे पुस्तकाची घडणच ऐकण्याची आहे. तुम्हीही रात्रीला एकच वाचा. त्यातलं दारिद्र्य, जातीपातीचे रिवाज, आईचं आजारपण यांवर तो प्रश्न विचारील, त्यांची खरी उत्तरं द्या. आपण उलट 'यातून काय शिकलास?' असं विचारायचं नाही. तो प्रश्न विचारला की पोरं पुस्तकापासून चार हात लांब राहायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मनूची काळजीच करू नकोस. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आण; राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते आणि मनू आपल्या घरातली माणसं त्यात शोधत बसेल. आणि विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्यानं म्हण. 'एटू लोकांचा देश' समजावून सांगायच्या फंदात पडू नकोस. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागेल, तेव्हा तेच वाचायचं.

राहिली ईशा. ती रात्री जाडजूड इंग्रजी अद्भुतकथा वाचते, याचं तुला वाईट वाटतं. मला नाही वाटत. एवढी पानं नेटानं वाचणाऱ्या मुलीपुढे आपण मराठीत अजून इसापनीतीच ठेवतो, मग ती काय करील? तिला 'पाडस' दे. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग'चा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. फ्लोरिडाच्या जंगलात वाढणारा एक मुलगा आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पिल्लू. शेवट कठोर आहे. तो आधी सांगू नकोस, आणि ती रडली तर समजूत घालायला धावूही नकोस. त्यानंतर प्रकाश नारायण संतांचा 'वनवास'. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन तिच्यापेक्षा लहान आहे, पण तो पुरता कळायला तिच्याएवढं व्हावं लागतं. काही मुलींना पहिल्या वीस पानांत त्याची ती कानडी वळणाची बोली रुचत नाही. तसं झालं तर बाजूला ठेवू दे, वर्षानं उघडेल.

हे सगळं एकदम विकत घेऊ नकोस. 'किशोर' मासिक स्वस्त आहे, आणि त्याचे 1971पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ओमला आणि ईशाला त्यात दोघांपुरतं सापडेल. माडगूळकरांची 'बनगरवाडी'ही ईशासाठीच, पण पुढच्या सुट्टीत. माझी प्रत तुझ्या आईकडे कधीची पडून आहे, तीच मागून घे आणि वाचून झाली की मला परत पाठव.

तुझी,
शैलामावशी